विसरता न येणारी पेंढी

एका गावात एक आशीर्वाद राहत होता.

हे गाव फार पूर्वीच्या इस्राएल देशात, डोंगराच्या उतारावर वसलेलं होतं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांना दगडी बांध, बांधावर कुठे अंजीर, कुठे जैतून. घरं चाळीसेक असतील, पण आशीर्वाद एकाच घरात होता. कुणाच्या दारात विहीर असते, कुणाच्या गोठ्यात नाव घेण्याजोगा बैल असतो, तसा अम्मीएल नावाच्या म्हाताऱ्याच्या घरात आशीर्वाद होता. त्याला तो वडिलांकडून मिळाला, वडिलांना आजोबांकडून, आणि आजोबांना त्यांच्याही आजोबांकडून.

दर वर्षी जवाची कापणी उरकली की म्हातारा खळ्यावरच्या दगडावर येऊन बसायचा. ज्या नातवंडाला अजून आशीर्वाद मिळाला नसेल त्याला त्याची आई पुढे आणायची. म्हातारा मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि देवाचं नाव घेऊन चार शब्द बोलायचा. हा हात एकदाच मिळायचा आणि तो जन्मभर पुरतो, असं घरातले सगळे मानत.

पण हात ठेवण्याआधी तो मुलाच्या आईला एक प्रश्न विचारायचा.

"या वर्षी देवाचं काय ऐकलंस?"

घरानं मिळून पाळलेलं इथे चालत नसे. शब्बाथला, म्हणजे देवाच्या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवली नाही, शेताचा कोपरा गरिबांसाठी न कापता ठेवला, हे तर सगळं घरच करत होतं. त्यात तुझं असं काय? उत्तर स्वतःचं हवं. उत्तर नसलं तर म्हातारा रागवायचा नाही. हात मागे घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं. पुढच्या वर्षी."

धाकटी सून मिल्का हिला गेल्या वर्षी हेच ऐकावं लागलं होतं.

मिल्का डोंगरापलीकडच्या धनगरांची मुलगी. शेतीच्या घरातल्या चालीरीती तिला सासरी आल्यावर शिकाव्या लागल्या. ती मनाची चांगली होती, पण काळजी हा तिचा धंदाच होता म्हणा ना. शेळी नीट बांधली की नाही हे ती दोनदा बघायची, आणि दोनदा बघितलं की नाही हे आठवायला तिसऱ्यांदा जायची. मुलगी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. एखादी गोष्ट तिच्या डोक्यातून निसटली, असं कधी झालंच नव्हतं. नवरा एलीदाद म्हणायचा, "आपल्या घरात दोन गोष्टी कधी हरवत नाहीत. एक आशीर्वाद, आणि दुसरी तू ठेवलेली सुई."

गेल्या वर्षी तिची मुलगी नोआ सहा महिन्यांची होती. मिल्का तिला घेऊन दगडापुढे उभी राहिली. म्हाताऱ्यानं प्रश्न विचारला आणि हिनं घाबरून सांगितलं, "मी सगळंच ऐकलं, मामंजी."

"सगळंच म्हणजे नेमकं काय?"

झालं! तिचं डोकं रिकाम्या मडक्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग हात मागे घेतला.

आता नोआ दीड वर्षाची झाली होती आणि अजून तिनं एक पाऊल टाकलं नव्हतं. बसायची, रांगायची, हसायची. उभं केलं की पाय वर ओढून घ्यायची. मिल्काच्या मनानं पक्कं धरलं होतं की तो हात डोक्यावर पडला असता तर मुलगी एव्हाना धावली असती. आणि म्हातारा तर या हिवाळ्यापासून खोकत होता. घरातून खळ्यापर्यंत त्याला दोघांनी धरून आणावं लागे. त्याला आणखी एक 'पुढच्या वर्षी' मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं, मिल्काला तर नाहीच.

म्हणून कापणी सुरू झाली तशी ती उत्तर शोधायला लागली.

आधी ती थोरल्या जावेकडे गेली. थोरलीचं नाव सरूया. तिला चार मुलं, त्यातल्या तिघांना आशीर्वाद मिळालेला, चौथ्याची पाळी या वर्षी होती. उत्तरांची तिला कधी ददात पडली नाही.

"जाऊबाई, तुम्ही दर वेळी सांगता तरी काय?"

"काय सांगायचं? जे केलं ते," सरूया पीठ मळता मळता म्हणाली. "मधल्याच्या वेळी झुडपात घरटं सापडलं होतं. पक्षीण अंड्यांवर बसलेली. देवानं सांगितलंय, आई आणि पिल्लं दोन्ही घेऊ नयेत. मी आईला उडू दिलं. तिसरीच्या वेळी शेजाऱ्याचा चुकलेला बैल घरी नेऊन पोहोचवला. त्या शेजाऱ्याशी आपलं भांडण होतं बरं का, तरीसुद्धा."

"मला तर घरटंच सापडत नाही."

"डोळे उघडे ठेवून चाललीस तर सापडेल. तुझे डोळे सदा त्या मुलीच्या पायांवर. माझी चारही अकराव्या महिन्यात चालली, पण मी काही त्यांच्या पायांकडे बघत बसले नव्हते."

 दुसऱ्या दिवशी पाणी आणायला जाताना मिल्का झुडपं चाचपत गेली. तिच्या हाताला काटे लागले. एका झुडपातून सरडा निघाला. घरटं मिळालंच नाही. तिसऱ्या दिवशी ती दुपारची वाटेच्या वळणावर जाऊन बसली, कुणाचा बैल चुकून आला तर बरं म्हणून. बैल आला, पण त्याच्यामागून त्याचा मालकही आला.

"काय गं सूनबाई, इथे उन्हात का बसलीस?" मालकानं विचारलं.

"सहज."

"बैल बघतेस का? विकायचा नाहीये हं."

ती लाजून घरी आली. आपण देवाचं ऐकायला निघालोय की कुणाचं नुकसान व्हावं म्हणून टपून बसलोय, हे तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, आपल्या शेतात बसल्या जागी पाळता येईल अशी एखादी आज्ञा नाही का?"

एलीदाद हसला. "बसल्या जागी? एक आहे. कापणीत एखादी पेंढी शेतात विसरली, तर ती आणायला परत जायचं नाही. ती मग आपली राहत नाही. परक्याची, अनाथाची, विधवेची होते."

"आणि तुम्ही कधी विसरलात?"

"कुठलं! आमच्या घरात थोरल्या वहिनी आहेत ना. त्यांच्या नजरेतून काडी सुटत नाही."

मिल्काचा चेहरा उजळला. न सापडलेलं घरटं, न चुकलेला बैल, सगळं गेलं खड्ड्यात. ही आज्ञा तर हातातली होती. एक पेंढी विसरायची, बस.

दुसऱ्या दिवशी तिनं एक चांगली जाडजूड पेंढी बांधली, एका मोठ्या दगडाआड ठेवली आणि विसरायला लागली.

ती दुसऱ्या टोकाला जाऊन कापायला बसली. माहेरची गाणी म्हणाली. नोआशी टाळ्यांचा खेळ खेळली. शेळीचं दूध आटलंय त्याची काळजी केली, पावसाची केली, सासऱ्यांच्या खोकल्याची केली. एरवी एवढ्या काळज्यांनी माणूस स्वतःचं नाव विसरेल. पण प्रत्येक काळजीच्या शेवटी ती पेंढी उभी. डोळे मिटले की जास्तच स्पष्ट दिसायची. दुपारपर्यंत तिला त्या पेंढीतल्या कोणत्या काडीला पान राहिलंय हेसुद्धा सांगता आलं असतं.

शेवटी तिनं सासऱ्यांनाच गाठलं. म्हातारा अंजिराखाली घोंगडीवर बसून कापणी बघत होता.

"मामंजी, समजा हं, एखादीनं पेंढी विसरायची म्हणून विसरली, तर?"

म्हातारा म्हणाला, "विसरायची म्हणून विसरली म्हणजे ठेवली."

"ठेवली तर मग गरिबालाच मिळेल ना? वाईट काय त्यात?"

"वाईट काहीच नाही. ते दान झालं. कर की, रोज कर." त्याला खोकला आला. तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "पण तुला ते खळ्यावर सांगायचंय. म्हणजे देवाला एक पेंढी द्यायची आणि माझा हात घ्यायचा. त्याला सौदा म्हणतात, पोरी."

मिल्काची मान खाली गेली.

"त्या आज्ञेच्या मागे लागता येत नाही," म्हातारा म्हणाला. "ती यायची तेव्हा आपल्याकडे येते. आली तर बघ काय करतेस."

ती दगडाकडे गेली. पेंढी तिथे नव्हती. सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचणाऱ्या कुणीतरी ती केव्हाच नेली होती. मिल्काला बरंही वाटलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. आता तिच्याकडे उत्तर नव्हतंच, आणि कापणीचा एकच दिवस राहिला होता.

या शेवटच्या दिवसाला त्या घरात फार मान होता. सगळ्यात वरच्या पट्टीत जे जव यायचे त्यांचं बी खापरपणजोबांपासून चालत आलेलं होतं. त्यांनी ते नदीपलीकडून, जुन्या देशातून आणलं, असं सगळे सांगत. दर वर्षी त्या पट्टीतली लांबात लांब कणसं एकेक करून निवडायची, त्यांची एकच पेंढी करायची, तिला लाल लोकरीचा दोरा बांधायचा आणि ती घरी आढ्याला टांगायची. पुढच्या वर्षी वरची पट्टी तिच्यातूनच पेरायची. घरातली माणसं म्हणत, आपला आशीर्वाद बाबांच्या हातात आहे तसा या बियाण्यातही आहे. गावातले लोक या पेंढीला वाटेत भेटले तर बाजूला होऊन वाट देत.

आणि ही पेंढी घरी आणायचा मान धाकट्या सुनेचा.

मिल्कानं सकाळपासून कणसं निवडली. एक कणीस जरा आखूड वाटलं की टाकून दुसरं घेई. दुपार कलली तेव्हा पेंढी बांधून झाली. तिनं लाल दोऱ्याला तीन गाठी मारल्या, गाठी ओढून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि पेंढी बांधाला टेकवून ठेवली. बाकीची माणसं आपापल्या पेंढ्या घेऊन खाली उतरली होती. आता नोआला पाठीशी बांधायचं, पेंढी डोक्यावर घ्यायची आणि निघायचं.

ती वळली, तर नोआ उभी होती.

बांधाच्या दगडाला धरून उभी होती.  मिल्कानं हाक मारली नाही, हाक मारली तर बसेल म्हणून. नोआनं दगड सोडला. एक पाय उचलला, विचार केल्यासारखा हवेत धरला, आणि पुढे ठेवला. मग दुसरा. कापलेल्या शेतातली खुंटं पायाला टोचत असणार, पण ती रडली नाही. सहा पावलं टाकून ती आईच्या पायांवर आपटली.

मिल्कानं तिला उचललं आणि ती पळत सुटली. पायऱ्या उतरताना तिची ओढणी काट्याला अडकली ती तिथेच राहिली. वाटेत भेटेल त्याला ती सांगत होती, "चालली! चालली!" घराच्या अंगणात तिनं मुलीला खाली ठेवलं, सगळे गोळा झाले, आणि नोआनं आईची लाज राखून आणखी चार पावलं टाकली. एलीदादनं तिला खांद्यावर घेऊन नाच केला. सरूयानंसुद्धा तिच्या गालाचा मुका घेतला. म्हातारा आतून विचारत होता, "काय झालं? काय झालं?"

मग सरूया म्हणाली, "आणि पेंढी कुठाय गं?"

अंगणात एकदम शांतता झाली नाही. पोरं ओरडतच होती, एलीदाद नाचतच होता. शांतता फक्त मिल्काच्या आत झाली.

"पळ," सरूया हळूच म्हणाली. "अजून ऊन आहे. पळ लवकर."

मिल्का पळाली. आल्या वाटेनं, तशीच धापा टाकत. वरच्या पट्टीच्या बांधाशी पोहोचली आणि तिनं बांधावर एक पाय ठेवला. पेंढी होती. जशी ठेवली तशी, लाल दोरा उन्हात चमकत होता. दहा पावलं लांब.

आणि मग तिला आठवलं, आपण परत आलोय.

बांधावर ठेवलेला पाय तिला पुढे घेता येईना, मागेही घेता येईना. काल ती या आज्ञेच्या मागे लागली होती. आज ती आली होती, लाल दोरा बांधून, आणि मिल्काला वाटलं की ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली असती तर किती बरं झालं असतं.

पट्टीच्या त्या टोकाला एक बाई सरवा वेचत होती. डोकं बांधायची तिची तऱ्हा वेगळी होती, म्हणजे परमुलखातली. कडेवर मूल. वाकून एकेक कणीस उचलत ती हळूहळू इकडेच येत होती. पेंढी अजून तिला दिसली नव्हती.

मागून सरूया आली. तिला राहवलं नव्हतं.

"उभी काय? उचल की!"

"जाऊबाई, मी विसरले होते."

"मग? आठवलं ना आता?"

"विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही."

सरूयानं कपाळाला हात लावला. "अगं, ती आज्ञा साध्या पेंढीची. हे बियाणं आहे. बियाणं म्हणजे घर. घर कुणी शेतात विसरतं का?"

"मी विसरले ना."

"नाही विसरलीस. ठेवून आलीस. मुलीला घरी पोहोचवायला गेलीस आणि आता पेंढी न्यायला आलीस. असं म्हण."

"असं म्हटलं की तसं होईल?"

"म्हणून तर बघ!"

मिल्कानं मनातल्या मनात म्हणून बघितलं. ऐकायला ते इतकं खरं वाटत होतं की ती घाबरली. म्हणाली, "मग तुम्हीच आणा, जाऊबाई."

सरूया बांधाजवळ गेली. तिनंही एक पाय उचलला. मग तो खाली ठेवला. "विसरलीस तू, आणायची तूच," ती म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती. "मिल्का, उद्या माझ्या धाकट्याची पाळी आहे. हे बी गेलं तर मामंजी कशाच्या जोरावर हात ठेवतील? आणि तुझी नोआ? तू त्यांना काय सांगणार? की तुमच्या चार पिढ्यांचं बी मी घालवलं?"

हे मात्र खरं होतं. पेंढी सोडली तर आशीर्वाद मिळायचा नव्हता, उलट घरातला होता तोही गेला असं सगळे म्हणतील. पेंढी घेतली तर कुणाला कळायचं नव्हतं. या वेळी सौदा करायला देवाकडे काहीच नव्हतं. नुसतं एक सांगणं होतं, बस.

मिल्कानं पेंढीकडे पाहिलं. ही घरी नेली तर ती आढ्याला टांगली जाईल. मग पेरली जाईल. मग उगवेल, आणि दर वर्षी तिची सगळ्यात लांब कणसं निवडून पुन्हा पेरली जातील. नोआच्या मुलांपर्यंत. आणि दर वर्षी आपल्याला ती कुठून आली ते आठवेल, कारण आपण काही विसरत नाही.

तिनं पाय खाली घेतला आणि बांधाकडे पाठ केली. मागे काय झालं ते तिनं पाहिलं नाही. फक्त ऐकलं. आधी पावलं थांबली. मग सुकं काड उचलताना होते तशी सळसळ झाली, आणि मूल काहीतरी बोललं.

सरूया ते सगळं बघत होती. 

घरी मिल्कानं नवऱ्याला सांगितलं.  एलीदाद म्हणाला, "बरं केलंस म्हणू, की काय केलंस म्हणू?"

"काहीच म्हणू नका," मिल्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला धरून खळ्यावर आणलं. सरूया धाकट्याला घेऊन पुढे झाली. म्हाताऱ्यानं प्रश्न विचारला.

"मळणीच्या बैलाला मुसकं बांधू दिलं नाही, मामंजी," ती म्हणाली. "त्यानं दोन टोपल्या जव खाल्ले, तरीसुद्धा." एरवी हे तिनं खणखणीत आवाजात सांगितलं असतं. आज तिची नजर खळ्यावर कुठेतरी होती. म्हाताऱ्यानं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग मिल्का आली. नोआ तिचा हात सोडवून चालायला बघत होती.

"हिला हातासाठी आणलं नाहीये, मामंजी," ती म्हणाली. "मी सांगायला आलेय. बियाण्याची पेंढी काल मी शेतात विसरले. आठवल्यावर बांधापर्यंत गेले होते. आणली नाही."

खळ्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. थोरला दीर, सरूयाचा नवरा, दोन पावलं पुढे आला. "म्हणजे आपलं बी गेलं?"

म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला थांबवलं. "कुणी नेली?" त्यानं विचारलं.

"एक परकी बाई होती. कडेवर मूल."

  मग म्हातारा बोलायला लागला.

"माझ्या आजोबांना लाज वाटायची, म्हणून आपल्या घरात हे कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही. आपलं बी नदीपलीकडून आलेलं नाही. आपला मूळ माणूस या गावात आला तेव्हा त्याच्या अंगावर एक फडकं होतं आणि पोटात भूक. तो परका होता. लोकांच्या शेतात सरवा वेचायचा. एके दिवशी त्याला एक विसरलेली पेंढी दिसली. तेवढ्यात मालक बांधाशी आला. त्यानं पेंढी पाहिली, आपल्या माणसाला पाहिलं आणि तो परत गेला. त्या पेंढीतले अर्धे दाणे आपल्या माणसानं खाल्ले आणि अर्धे पेरले. आपण आहोत ते त्यातून."

त्यानं थांबून दम घेतला.

"त्या मालकाचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. आशीर्वादात त्याचं नाव यायला हवं होतं. आपण आपलीच नावं घालत राहिलो."

थोरला दीर हळू आवाजात म्हणाला, "पण बाबा, वरच्या पट्टीत आता पेरायचं काय?"

"एवढं खळं भरलंय, दिसत नाही का?" म्हातारा म्हणाला. "जव पेर."

मग त्यानं हात पुढे केला. नोआ एका जागी उभी राहायला तयार नव्हती, तिला चालायचं होतं. म्हाताऱ्याचा हात तिच्या मागे मागे फिरला, आणि शेवटी मिल्कानं तिला क्षणभर धरून ठेवलं तेव्हा तो तिच्या केसांवर टेकला. त्या दिवशी म्हाताऱ्यानं मिल्काला प्रश्न विचारला नाही.

पुढच्या वर्षी वरच्या पट्टीत साधे जव आले. कणसं थोडी आखूड होती. ते बघायला म्हातारा नव्हता. कापणीच्या दिवसांत सरूया एकदा मिल्काच्या शेजारी येऊन बसली आणि इकडेतिकडे बघून कुजबुजली, "ते विसरायचं तू जमवलंस तरी कसं गं? मी तीन दिवस झाले बघतेय." मिल्का इतकी हसली की तिला विळा खाली ठेवावा लागला.

खळ्यावरच्या दगडावर आता थोरला दीर बसतो. मुलांच्या डोक्यावर हात ठेवताना तो देवाचं नाव घेतो, आणि त्यानंतर, आपल्या वाडवडिलांच्या आधी, बांधावरून परत गेलेल्या एका माणसाचं स्मरण करतो. त्याचं नाव माहीत नसल्यामुळे तिथे तो थोडा वेळ नुसता गप्प राहतो.

तात्पर्य: आशीर्वाद वारशानं मिळतो, आज्ञापालन मिळत नाही. ते ज्याला त्याला आपल्या बांधावर, नको त्या वेळी, स्वतःच करावं लागतं.